शिशाचे मासे कुणी ओतले

दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या एका स्मरणिकेत 'जिग कसा निवडावा' नावाचा दोन पानी लेख छापून आला होता. वर माझं नाव आणि माझा फोटो, दोन्ही हातांवर आडवी धरलेली सुरमई. पाण्याला ओढ किती, ऊन कसं, तळ खडकाळ की वाळूचा, यावरून दोरीला कोणता जिग बांधायचा ते त्यात सोपं करून सांगितलं होतं. लेख बऱ्याच जणांना आवडला. अनोळखी माणसं फोन करून विचारायची, "सर, या शुक्रवारी फुजैराला निघालोय, किती वजनाचा नेऊ?" मी सांगायचो.

त्या लेखातला एकही विचार माझा नव्हता. माझ्या डाव्या हातावर भाजल्याचा जो डाग आहे, त्याला लोक कारागिराची खूण म्हणायचे, तीही खूण कारागिराची नाही. मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि पुण्यात मुलीकडे राहतो. हे लिहायला मला फार उशीर झाला आहे. किती, ते शेवटी येईल.

मी रास अल खैमात एका सॅनिटरीवेअरच्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होतो. वॉशबेसिन, कमोड, सिंक. ही भांडी प्लास्टरच्या साच्यात ओततात, आणि ते साचे करणारा विभाग वेगळा असतो. त्या विभागात मालवणाकडचा एक माणूस होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणायचो. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, किडकिडीत, हातांच्या रेघांत कायम पांढरं प्लास्टर. घरचे मासेमारी करणारे. हा एकटाच समुद्र सोडून वाळवंटात साचे करायला आला होता, आणि दर शुक्रवारी त्याला समुद्राची आठवण सोसवत नसे. माझ्याकडे गाडी होती. तेवढ्यावर आमची ओळख सुरू झाली.

पहाटे निघायचं, मसाफीच्या डोंगरांतून फुजैराला उतरायचं, आणि तिथल्या एका नोखद्याची, म्हणजे तांडेलाची, बोट धरून अर्धा दिवस समुद्रात काढायचा. नोखदा साठीचा, तिथलाच, आयुष्यभर हिंदी खलाशांबरोबर राहून त्यांची हिंदी बोलणारा. त्याच्या दोन बोटी होत्या. एरवी तो हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना मासेमारीला न्यायचा.

जिग म्हणजे शिशाचा ओतीव मासा. त्याला आमिष लावत नाहीत. तळापर्यंत सोडायचा आणि झटके देत वर ओढायचा. खालच्या माशाला तो जखमी झालेला लहान मासा वाटला पाहिजे, एवढीच अट. मी सुरुवातीला देऱ्यातल्या दुकानातून जपानी जिग आणले होते. गुलाबी, निळे, अंगभर चमकी. मिस्त्रीने त्यातला एक उचलून उन्हात धरला.

"केवढ्याक पडलो?"

"पंचेचाळीस दिरहम."

"म्हणजे साडेपाचशे रुपये झाले की! साहेबानू, ह्यो माशाक धरूक चललो की लग्नाक?"

बोटीवरचा खलाशीसुद्धा हसला. आणि त्या दिवशी माझ्या नवरदेवांना खरंच कुणी विचारलं नाही.

कारखान्यात किल्नवर, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीवर, कॅनडाहून आलेला एक इंजिनिअर होता. दोन हजार आठच्या शेवटाला दुबईतल्या इमारतींची कामं थांबायला लागली आणि आमच्याकडून पहिला जाणारा तो ठरला. जाताना त्याने मला स्वतःची पेटी दिली. त्याच्या गावाकडच्या तळ्यातल्या ट्राउट माशांसाठीचे जिग आणि गळाला लावायचे धातूचे चमचे. पातळ, चांदीसारखे, एकेक वेगळ्या कप्प्यात. बर्फ फुटल्यावर कोणता, उन्हाळ्यात मासा खोल गेल्यावर कोणता, हे त्याने कागदावर लिहून दिलं होतं. मी तो कागद पाठ केला आणि पेटी फुजैराला नेली. दोन तासांत एक झटका नाही.

मिस्त्री म्हणाला, "चूक पेटयेची नाय. त्या माशाची भूक येगळी, ह्याची येगळी. तुमी दुकानदाराक इचारतास, गोऱ्याक इचारतास. माशाक कधी इचारतलास?"

माशाला विचारायची त्याची रीत अशी. दिवसाचा पहिला मासा कुणाच्याही दोरीला लागो, तो बर्फात टाकायचा नाही. तिथल्या तिथे त्याचं पोट फाडायचं आणि आत काय आहे ते बघायचं. कधी बारीक मोतके निघत, कधी माकूल म्हणजे स्क्विड, बहुतेक वेळा पेडवे, म्हणजे तारलीच्या जातीचे बोटभर मासे. जे निघेल त्याच्या लांबीचा आणि अंगाचा जिग त्या दिवशी लावायचा. पाण्याला ओढ असेल तर तेवढ्याच लांबीचा पण जाड, म्हणजे वजनाने तळाला जाईल. ऊन लख्ख आणि पाणी नितळ असेल तर घासून चमकवलेला. वारा होऊन पाणी गढूळ असेल तर काळपट, नुसत्या शिशाचा. रंगाच्या नादी लागायचं नाही. माझा लेख एवढाच आहे.

पण मिस्त्री याच्या एक पाऊल पुढे जायचा, आणि ते मी लेखात लिहिलं नाही. पोटातून नुकता गिळलेला, अख्खा पेडवा निघाला की तो धुऊन बर्फात ठेवायचा आणि कामगारांच्या कॅम्पवर नेऊन ओल्या प्लास्टरमध्ये दाबायचा. कारखान्यात गोणीच्या तळाशी राहिलेलं प्लास्टर फोरमन त्याला घेऊ द्यायचा. अर्धा मासा साच्याच्या एका पाळ्यात, म्हणजे अर्ध्या भागात, अर्धा दुसऱ्यात, मध्ये साबणाचा हात. बेसिनचा साचा करावा तसाच. मग टायरवाल्यांकडची, चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात ती शिशाची जुनी वजनं वितळवून त्यात शिसं ओतायचं. पुढच्या शुक्रवारी त्याच माशाचा शिशाचा जुळा भाऊ तयार. खवल्यांसकट. त्याच्या खोलीत कपाटाखाली असे वीस-बावीस साचे होते, प्रत्येक साचा एका खऱ्या माशाचा.

साचा पूर्ण वाळलेला असल्याशिवाय शिसं ओतायचं नाही, हे तो पुन्हापुन्हा सांगे. आत पाण्याचा अंश असला तर वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. वाळवायला तो साचे एसीच्या बाहेरच्या युनिटवर, गरम वाऱ्यात ठेवायचा. मग गालाला लावून बघायचा.

"हाताक कळणा नाय. हात खोटा सांगता. गालाक थंड लागलो की समजायचा, साचो ओलो आसा."

ते मासे घरी आले की माझी मुलगी, तेव्हा कॉलेजच्या सुट्टीवर आलेली, नाक मुरडायची. "बाबा, व्हाय डोंट यू जस्ट बाय इट?" मी तिला शिशाचा पेडवा दाखवायचो. हातात घेऊन ती म्हणाली होती, "वॉव. यू मेड धिस?" मी नाही म्हणालो नाही. आज वाटतं, सुरुवात तिथेच झाली.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीतली ती सकाळ. आमच्या कारखान्यात चारातल्या दोन किल्न बंद झाल्या होत्या. दुबईने मागवलेला आणि न उचललेला माल आवारात कुंपणापर्यंत रचून ठेवला होता, उन्हात पांढरे कमोडच कमोड. काढायच्या माणसांची यादी येणार, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. प्लॅनिंगमध्ये आता प्लॅन करायला काही नव्हतं, त्यामुळे मला माझं नाव त्या यादीत दिसायला लागलं होतं. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, माझं वय छप्पन्न. मी कुणाशी बोललो नव्हतो. मिस्त्री मात्र गाडीत म्हणाला होता, "यादी इली की इली. समुद्र थोडोच बंद होतलो?"

त्या दिवशी पाण्याने भरभरून दिलं. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा तीन मोठ्या सुरमया आणि एक हामूर होता. मिस्त्री पायऱ्यांच्या टोकाला बसून मासे साफ करत होता, पाठमोरा, चांगला पंधरा-वीस हात लांब. नोखदा माझ्याशेजारी आला. त्याच्या हातात आमचा एक जिग होता. त्याने तो उलटापालटा केला, खवल्यांवरून अंगठा फिरवला.

"ये दुकान का नहीं है."

"नहीं."

"मेरा गेस्ट लोग जपानी वाला लाता, पत्थर में फसाता, खलास. मेरे को ऐसा माल चाहिए, और ऐसा आदमी चाहिए. कौन सा दिन कौन सा लगाने का, गेस्ट को वो बताएगा. वीज़ा मैं देगा, कमरा मैं देगा. कौन बनाता है ये?"

मी मिस्त्रीच्या पाठीकडे पाहिलं. हे मला स्वच्छ आठवतं. मी गोंधळलो नव्हतो, प्रश्न ऐकण्यात चूक झाली नव्हती.

"मैं," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात कागद हाताळणाऱ्याचे. मग म्हणाला, "माशाल्ला. सोच के बोलो."

मी गाडी आणायला गेलो. पार्किंग लांब होतं. चालताना मी मनाशी हिशेब मांडत होतो की यादी आलीच, तर इथे एक दार उघडं आहे. साचे मिस्त्रीकडून शिकून घेता येतील. मिस्त्रीचं काय, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो. आला होता. मिस्त्रीला कुठेही काम मिळेल, असं उत्तर देऊन मी तो बाजूला ठेवला.

परतीच्या वाटेवर मिस्त्री नेहमीपेक्षा जास्त खुशीत होता. मधेच त्याने विचारलं, "नोखद्याक जिग आवडले?"

"हो, आवडले."

"बरा झाला," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसला. का हसला ते मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी यादी आली. साच्यांचा विभाग पूर्ण बंद. माझं नाव यादीत नव्हतं. नंतर आणखी पाच वर्षं मी त्याच खुर्चीवर काढली.

व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत मिस्त्री रोज कुठेतरी काम विचारायला जात होता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यांत तो गेटवर उभा राहून आला. सगळीकडे माणसं काढत होते, कोण घेणार? संध्याकाळी मला फोन करून सांगायचा, "आज पण नाय, साहेबानू." मला करायचं होतं ते एवढंच की फुजैराला एक फोन लावायचा आणि म्हणायचं, मी खोटं बोललो, हा माणूस आहे. मला त्या कामाची आता गरजही नव्हती. मी नंबर काढून बसायचो. नोखदा मला काय म्हणेल, पुढच्या शुक्रवारी त्या धक्क्यावर मी कसा उभा राहीन, याचा विचार करून फोन खाली ठेवायचो. इतकं लहान कारण होतं. मोठं काही असतं तर लिहायला सोपं गेलं असतं.

शारजाहून त्याचं दुपारचं विमान होतं. मी सोडायला गेलो. त्याच्याकडे लुंगीत बांधलेलं एक जड गाठोडं होतं.

"साचे आसत. वजनात बसाक नाय. तुमच्याकडे ऱ्हवांदेत."

"परत आलास की घेऊन जा."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. मग ट्रॉली ढकलता ढकलता मागे वळून, "गालाक लावा हां, इसरू नकात."

मी विसरलो. ऑगस्टमध्ये नोखद्याचा फोन आला, "साहब, जिग किधर है?" गच्चीवर स्टोव्ह मांडून मी पहिल्यांदा शिसं वितळवलं. साचा हाताला कोरडा लागत होता. त्या महिन्यात समुद्राकडून येणारी हवा इतकी दमट असते की भिंतींना घाम सुटतो, पण मला सुचलं नाही. ओतल्याबरोबर फट् असा आवाज झाला आणि शिसं माझ्या हातावर आलं. डोळे वाचले. बायकोला मी सांगितलं, तेल उडालं. मंडळातल्या लोकांना सांगितलं, शिसं ओतताना भाजलं, आणि तेच सांगणं खरं असल्यामुळे सगळ्यात मोठं खोटं होतं. पुढे कसेबसे दहा-बारा जिग मी नोखद्याला नेऊन दिले. त्याने एक हातात तोलला आणि बाजूला ठेवला. "पहले वाला हाथ नहीं है," एवढंच म्हणाला. व्हिसाचं तो पुन्हा बोलला नाही. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला आणि मी तो दिला.

मिस्त्रीचे फोन पहिली दोन वर्षं येत. बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लागलोय, म्हणायचा. मग कमी झाले. मग नंबर लागेना. मी निवृत्त होऊन पुण्याला आलो, गाठोडं तसंच माळ्यावर टाकलं. कोकण काही फार लांब नाही. एका दिवसात पोचण्यासारखं. मला ते जमायला अकरा वर्षं लागली.

गेल्या वर्षी हिवाळ्यात मी गाडी करून गेलो. विचारत विचारत खाडीकाठच्या घरी पोचलो तेव्हा कळलं, मिस्त्री जाऊन चार वर्षं झाली होती. छातीत दुखायला लागलं आणि जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत संपला. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात बसून, पदराने हात पुसत. मी ओळख सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे गाडीवाले साहेब! बसा, बसा. तुमची लय आठवण काढीत. ती नोखद्याची गजाल तर शंभर वेळा सांगल्यानी असतली."

"कसली?"

"तुमी गाडी आणूक गेल्यात, आणि नोखद्यान ह्यांका इचारल्यान, ह्ये मासे तुझो साहेब करता? आता तुमी थंय कायतरी सांगितलेला असतला, नाय?" ती हसायला लागली. "ह्ये म्हणाले, साहेबाक खोटा कित्याक पाडू? हां हां, साहेबच करता, मी खाली मासे साफ करतंय! घराक येवन सांगत आणि हसत. म्हणत, एका जिगान साहेब इतके खूश झाले, माझा काय जाता?"

तीही हसत होती. मला हसता आलं नाही. सोळा वर्षं मी धरून चाललो होतो की त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला माझं खोटं माहीत होतं. त्या खोट्यात व्हिसा होता, एवढंच माहीत नव्हतं. एक शाबासकी मागायला आलेल्या माणसाला द्यावी तशी त्याने ती मला देऊन टाकली होती.

मी गाठोडं सोडलं आणि तिला उरलेलं सगळं सांगितलं. नोखदा काय म्हणाला, मी काय म्हणालो, मग ते तीस दिवस. मी थांबल्यावर तिने विचारलं, "किती वर्सांचो व्हिसा?"

"तेव्हा तीन वर्षांचा मिळायचा. पुढे वाढला असता."

"तीन वर्सां," ती म्हणाली. "म्हणजे धाकट्याची शाळा सुटाक नसती. बर्फाच्या कारखान्यात ह्ये त्येका कामाक घेवन जाईत."

खाडीवरून होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. मी म्हणालो, "वहिनी, मी हे लिहिणार आहे. जिथे छापलं होतं तिथे, त्यांच्या नावानिशी. ते सगळं त्यांचं होतं म्हणून."

"नाव नको."

"पण ते त्यांचंच—"

"ह्या तेंका सांगूक होया होता. माका सांगान काय उपेग?" आवाज चढला नव्हता. "आता नाव घालतलास, लोक तुमका म्हणतले, केवढो मोठो माणूस. थंय पण तेंच्या नावाचा कवतिक तुमकाच लागतला. नको. तुमचा तुमी लिवा."

तिने गाठोड्यातला एक साचा उचलला, दोन्ही पाळी उघडली, आतल्या पेडव्याच्या आकारावरून बोट फिरवलं. मग पाळी जुळवून तो साचा गालाला लावला. हे तिला कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

"ओलो झालो हा," ती म्हणाली. ती उठली आणि एकेक साचा नेऊन खळ्याच्या कठड्यावर उन्हात ठेवू लागली. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "ऱ्हवांदेत, मी ठेवतंय." बावीस साचे. तेवढा वेळ मी उभाच होतो. चहा तिने केला नाही, आणि मी निघालो तेव्हा पुन्हा या असंही म्हणाली नाही.

म्हणून इथे त्याचं नाव नाही, आणि माझंही नाही. ज्यांनी तो लेख जपून ठेवला असेल त्यांनी वरचं नाव खोडावं. आतलं सगळं बरोबर आहे. पहिला मासा मिळाला की आधी त्याचं पोट बघा, आणि त्याच्या मापाचा जिग लावा.